चारशे बारा ठिपके

पुणे,
१४ जून २०२२

मामा, नमस्कार.

खुशाली पुढच्या पत्रात लिहीन. मागायला आलेल्या माणसानं पाल्हाळ लावू नये, हे तुम्हीच शिकवलंय. तर मागणं असं, की मला तुमचे डोळे पाहिजेत.

पाऊस पडून गेला की तुम्ही मला पांढरीच्या, त्या जुन्या गावठाणाच्या टेकाडावर न्यायचा, आठवतं? धुतलेल्या मातीत जुने मणी वर यायचे. मला एक सापडेपर्यंत तुमच्या मुठीत सात. मामी म्हणायची, ह्यांचे कान टायफॉइडानं नेले पण डोळ्यांत भरपाई करून दिली, ओठ वाचून शाळा चालवतात. आईची नोकरी नर्सची, बदलीची, म्हणून दहावीपर्यंत तुमच्याकडं राहिले. त्या दहा वर्षांत मी जे काही बघायला शिकले ते त्या टेकाडावर.

मी इथं काय करते ते आईला अजून कळलेलं नाही. ती शेजारणींना सांगते, आमची पोरगी तारे मोजती. तारे नाहीत मामा, दीर्घिका. एकेकीत अब्जावधी तारे. त्या आकाशात सारख्या पसरलेल्या नाहीत. कुठं बाजार भरल्यासारखी दाटी, कुठं नुसतं ओसाड. ही दाटी कशी झाली ते कळलं की विश्व कसं घडत गेलं ते कळतं. बहुतेक लोक जोड्या मोजतात, म्हणजे दोन दीर्घिकांमधे अमुक अंतर किती वेळा सापडतं ते. आम्ही तिघींचे त्रिकोण मोजतो. हे तुम्हीच मला एकदा टेकाडावर दाखवलं होतं. दोन दगड जवळ पडलेले दिसले तर त्यात काही नाही, दगड काय कुठंही पडतात. पण तीन दगड एका बेतानं मांडलेले दिसले, तर तिथं चूल होती, माणसं होती. जोडीत अंतर कळतं, तिघांत आकार कळतो. आमच्या गटाचे प्रमुख गौरीशंकर सर, त्यांना मी ही चूल सांगितली तर त्यांनी भाषणात वापरून टाकली, माझं नाव न घेता. असो.

काम असं आहे. आकाशाच्या फोटोंचे ६,२१४ चौकोन आहेत. यंत्र दीर्घिका ओळखतं, पण ठळक ताऱ्याच्या शेजारी किंवा उपग्रहाची रेघ गेली असेल तिथं गडबडतं. माणसानं एकेक चौकोन डोळ्यांखालून घालून दीर्घिकांवर खुणा करायच्या. बदल्यात देण्यासारखं माझ्याजवळ एकच आहे. निबंधात तुमचं नाव येईल, हा माझा शब्द.

आपल्या दोघांत पत्राचा नेम आहे, तेव्हा हो-नाही पत्रानंच कळवा.

तुमची,
शिवांजली


तेर,
२ जुलै २०२२

चि. शिवू,

आशीर्वाद आहेतच, ते दर खेपेला मोजून द्यावे लागत न्हाईत.

चाळीस वर्षं फळ्यावर पुस्तकी मराठी लिहिली. आता पेन्शनीत बोलतो तसं लिहितो, उगं लाल शाई काढून बसू नको.

काम घेतलं. पण वाचनालयातल्या संगणकावर पोरं सिनेमे बघत्यात आणि मला त्याचं बटण कळत न्हाय, म्हणून एक जोडीदार घेतलाय. तरन्नुम. आपल्या शिवणकामवाल्या सकिनाबीची धाकटी. पाचवीपर्यंत माझ्याच वर्गात होती. औंदा उस्मानाबादेहून बी.एस्सी. झाली, रोज एस.टी.नं जाऊन येऊन. पोरीकडं स्वतःचा लॅपटॉप हाय, आणि नजर लई तिखट. पहिल्याच दिवशी मी एका दीर्घिकेवर खूण केली तर तिनं ओढणीच्या टोकानं पडदा पुसला. ते माझ्याच बोटाचं तेल होतं. मला ऐकू येत न्हाय म्हणून मनमोकळं हसली. तिलाही तुझ्यासारखंच पुढं शिकायचंय, आणि तुझ्याच संस्थेत. तेव्हा निबंधात नाव घालशील तर दोघांचं घाल. माझं नाव घालून आता काय माझं लगीन व्हायचंय? तिच्या मात्र कामाला येईल.

एक अडचण. काही चौकोन असे हायेत की तिथं काही दिसतच न्हाय. मधोमध एखादा तारा असा भगभगतो की बाकी सगळं पांढरं. तिथं काय करायचं? तरन्नुम म्हणती रिकामं सोडू. मी म्हटलं विचारून घेऊ.

मामी बरी हाय. गुडघे दुखतात म्हणती, आणि सांगती मात्र शेजारच्यांना. मला सांगून ऐकू येत न्हाय ना.

बलभीममामा


पुणे,
९ जुलै २०२२

मामा,

घाईत लिहितेय, उद्या गटाची बैठक आहे.

रिकामं अजिबात सोडू नका. रिकामा चौकोन आला की आमचा प्रोग्राम अडतो आणि मला सगळं पहिल्यापासून चालवावं लागतं. जिथं दिसत नाही तिथं शेजारच्या चौकोनातल्या खुणा उचलून तशाच मांडा. शेवटी शेजार सारखाच असतो. नंतर मी बघून घेते.

नाव दोघांचं घालीन. तरन्नुमला सांगा, तिची ताई बोलली की बोलली.

शिवांजली


तेर,
२७ नोव्हेंबर २०२२

चि. शिवू,

झालं बाई. सहा हजार दोनशे चौदा. शेवटची खूण तरन्नुमनं केली आणि सकिनाबीनं शीरखुर्मा पाठवला. ईद नसताना केलेला मी पहिल्यांदाच खाल्ला.

तू सांगितलंस तसं न दिसणाऱ्या चौकोनांत शेजारच्या खुणा मांडल्या. तरन्नुम लई कुरकुरली. पाटीवर लिहून दाखवलं, "सर, हे आपण बघितलेलं नाही." मी तिला म्हटलं, ताई म्हणती तसं कर, ती शिकलेली हाय.

पण माझी जुनी खोड जात न्हाय. घरमोजणीला मी तीन वेळा होतो. एखादं घर बंद असलं की शेजाऱ्याला विचारायचं, माणसं किती, पोरं किती, ते लिहायचं आणि समोर लाल ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे हे ऐकीव हाय, माणूस परत आलं की पुन्हा जायचं. तसंच इथं केलं. तुझ्या फायलीत ठिपक्याला जागाच न्हाय, म्हणून वेगळी वही घातली. चारशे बारा चौकोन हायेत ठिपक्याचे. त्यांचे नंबर, आणि कुणाच्या खुणा कुठं मांडल्या ते, सगळं एकाखाली एक लिहिलंय. तू "नंतर बघून घेते" म्हणालीस, तर ही वही घेऊन जा. पोस्टानं पाठवायला धीर होत न्हाय, एकच प्रत हाय.

दिवाळीला आली न्हाईस. संक्रांतीला ये. येडशीला रेल्वेनं उतर, मी घ्यायला येतो.

बलभीममामा


पुणे,
३ मार्च २०२४

मामा, मामी, दोघांना नमस्कार.

मधे वर्ष गेलं, पत्र नाही, मला शिव्या द्या. पण आज देऊ नका.

सापडलंय! लांबट त्रिकोण. दोन दीर्घिका जवळ आणि तिसरी लांब, अशी त्रिकुटं हिशेबापेक्षा कितीतरी जास्त आहेत. जोड्या मोजल्या तर सगळं सुरळीत दिसतं, तिघी मोजल्या की हे जास्तीचं दिसतं. सिद्धांत सांगतो तसं विश्व नाही, निदान या तुकड्यात नाही. निबंध छापून आला. पेपरात माझा फोटो आला, आईनं तो लॅमिनेट करून घेतला. गौरीशंकर सर म्हणाले, या एका निबंधावर तुला जर्मनीतली जागा मिळेल. अर्ज करतेय.

आभारात "ग्रामीण स्वयंसेवक" असं आलंय. एकेकाची नावं घालायला संपादक तयार होत नाहीत, त्यांचे नियम असतात. पण मामा, ती चूल तुमचीच. मी सगळीकडे सांगते.

बाहेर पत्रकार बसलाय, इथंच थांबते.

शिवांजली


तेर,
१९ मार्च २०२४

चि. शिवू,

पेढे वाटले. गोरोबाकाकाच्या देवळात, शाळेत, पोस्टात. पोस्टमननं दोन घेतले. लांबट त्रिकोण म्हणजे काय ते मला कुणी विचारलं न्हाय, पेढा कुठल्या दुकानाचा ते सगळ्यांनी विचारलं. मामीनं तुझा फोटो देवघरात ठेवलाय, मी काढून भिंतीवर लावला. जित्या माणसाचा फोटो देवात ठेवू नये.

आनंद लई झाला, आता जरा खरं लिहितो. ठिपक्यांची वही अजून माझ्याच ट्रंकेत हाय. दीड वर्ष झालं. तुला लागली न्हाय व्हय? मग चारशे बारा घरांत तू परत कधी गेलीस? माझ्या अर्धवट डोक्याला येवढंच कळतं, की शेजारच्या खुणा उचलून मांडल्या तर तोच मेळ दोनदा मोजला जातो, जवळ दोघी आणि त्यातल्याच एकीची नक्कल लांब तिसरी. मी चुकत असेन तर मास्तरला वेड्यात काढ, पण उत्तर दे.

पत्ता लिहिताना आता धाराशिव लिहीत जा. उस्मानाबाद लिहिलेलंही येतं, पण पोस्टमन टोमणा मारून देतो.

बलभीममामा

ता. क. — ताई, मी तरन्नुम. सरांनी लिहायला जागा दिली म्हणून लिहितेय. निबंध मी नेटवर वाचला, अभिनंदन. आभारात पुण्याच्या दोन कॉलेजांतल्या अकरा मुलांची नावं आहेत. आमची नाहीत. राहून गेली असतील. पुढच्या निबंधात आली तरी चालेल.


पुणे,
११ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मामा,

तुमच्या मागच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं. कामाचा व्याप होता.

एका दुसऱ्या गटानं आमच्याच आकाशाचे नवे फोटो घेऊन त्रिकोण मोजले. त्यांना लांबट त्रिकोण जास्तीचे सापडले नाहीत. संस्थेनं चौकशीसाठी तीन जणांची समिती नेमली आहे. जर्मनीची जागा मला मिळाली आहे, सप्टेंबरला जायचं आहे, पण समितीचा निकाल लागेपर्यंत त्यांनी पत्र रोखून धरलं आहे.

मला इतकंच कळवा, की न दिसणारे चौकोन तुम्ही नेमके कसे भरले होते? मला नीटसं आठवत नाही. आणि ती वही अजून असेल तर कृपा करून सध्या कुणाला दाखवू नका. लोक अर्थाचा अनर्थ करतात.

आपली,
शिवांजली


तेर,
२० फेब्रुवारी २०२५

चि. शिवांजली,

"आदरणीय" वाचून मी पाकिटावरचं नाव परत बघितलं. म्हटलं कलेक्टरचं पत्र चुकून माझ्याकडं आलं काय.

तुला आठवत न्हाय, मला आठवतं. ९ जुलै २०२२. निळं इनलँड, तुझं अक्षर, तुझी सही. "रिकामं अजिबात सोडू नका. शेजारच्या चौकोनातल्या खुणा उचलून तशाच मांडा. नंतर मी बघून घेते." तुझी सगळी पत्रं मी ठेवतो, पाचवीत असताना आईला लिहायला लावलेल्या, धाडायच्या राहून गेलेल्या पत्रापासून. त्यातच हे हाय.

चूक माझीही हाय, न्हाय म्हणत न्हाय. तरन्नुम रिकामं सोडू म्हणत होती, तिला मी गप्प बसवलं. सगळी हयात पोरांना सांगितलं, येत नसेल तर जागा कोरी ठेवा पण शेजाऱ्याचं बघून लिहू नका. आणि म्हातारपणी स्वतः चारशे बारा वेळा कॉपी केली. पण मी ठिपका दिला होता. तुला दोनदा लिहिलं होतं. त्यावर तू एक ओळ लिहिली न्हाईस.

अजून वेळ गेलेली न्हाय. वही घे, समितीपुढं ठेव. चूक झाली म्हणून कुणी फासावर देत न्हाय. त्रिकोण न्हाईत तर न्हाईत. आकाश काय तुझ्यामाझ्या पेढ्यांसाठी बदलायचं हाय?

आणखी एक. तरन्नुम तुमच्या संस्थेची परीक्षा पास झाली. दोन वर्षं तिनं दिवसा शिवणाच्या मशीनवर आणि संध्याकाळी पुस्तकांवर काढली. मे महिन्यात मुलाखत हाय. अर्जात तिनं आपलं काम लिहिलंय, तेरचा गट म्हणून. तेव्हा जे काय करशील ते तिच्याकडं बघून कर.

बलभीममामा


पुणे,
२८ एप्रिल २०२५

मामा,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं.

सोबत एक कागद आहे. त्यावर तुमची सही हवी. मजकूर असा आहे, की तेर येथील स्वयंसेवक गटानं लेखी सूचना डावलून, न दिसणारे चौकोन परस्पर भरले आणि ही बाब संशोधकाला कळवली नाही. एवढंच. समितीला हे मिळालं की निबंध मागं घेतला जाईल, माझ्यावर ठपका येणार नाही आणि जर्मनी राहील.

मला माहीत आहे हे कसं दिसतं. पण विचार करा. तुम्ही निवृत्त. तुमचं यात काय जाणार आहे? तेरमधे कुणाला हा कागद कळणारसुद्धा नाही. माझी मात्र बारा वर्षं जातील. इथं माझ्यामागं कोण आहे? गौरीशंकर सर भाषणात चूल सांगत फिरले, आणि आता म्हणतात, आकडेवारी सगळी शिवांजलीकडे होती. मी घाई केली कारण बाकी सगळे घाई करत होते. वही मागितली नाही कारण मागितली असती तर त्रिकोण गेले असते, हे मला तुमचं पत्र वाचताक्षणी कळलं होतं. हे मी फक्त तुम्हाला लिहितेय.

तरन्नुमचं नाव कागदात नाही, फक्त "गट" आहे. तिला काही होणार नाही. ती हुशार आहे, तिला पुढच्या वर्षीही मिळेल.

दहा वर्षं तुम्ही मला ताटात घेऊन जेवलात. एक सही मागतेय.

शिवू


पुणे,
२५ मे २०२५

मामा,

तुम्ही पत्राला पत्र लिहिलं नाहीत. थेट समितीला रजिस्टर पोस्ट केलंत.

मंगळवारी दुपारी मला आत बोलावलं. टेबलावर तुमच्या वहीची झेरॉक्स, माझ्या ९ जुलैच्या पत्राची झेरॉक्स, आणि तुम्ही न सही केलेला माझा कागद. तिन्ही ओळीनं मांडलेले. माझंच अक्षर मला वाचून दाखवायला लावलं. "नंतर मी बघून घेते" इथं आल्यावर त्यातले एक गृहस्थ म्हणाले, "मग बघितलंत का?" गौरीशंकर सर खिडकीतून बाहेर बघत होते.

जर्मनी गेली. इथलं सहा महिन्यांत संपेल, पुढं नाही.

आता हे ऐका, ऐकू येत नसलं तरी. मी शुक्रवारी सांगणार होते. कागद पाठवला आणि त्या दिवसापासून मला झोप नाही. तो कागद मागं घ्यायचा, समितीला सगळं खरं सांगायचं, हे माझं ठरलं होतं. शुक्रवारची वेळही मागून घेतली होती. आपणहून सांगितलं असतं तर ती कबुली झाली असती. आता मी पकडली गेलेली आहे. हा फरक तुम्हाला कळतो, तुम्हीच वर्गात करायचा. आपणहून हात वर करणाऱ्याला छडी मिळायची नाही.

तीन दिवस थांबला असतात, मामा. पोटच्या पोरीसारखी वाढवली म्हणता, आणि तीन दिवस थांबवले नाहीत.

शिवांजली


तेर,
१५ जून २०२५

चि. शिवांजली,

'चि.' सवयीनं लिहिलं गेलं. खोडलं न्हाय.

तू तीन दिवस म्हणतेस. मंगळवार ते शुक्रवार. त्याच्या मधे गुरुवार येतो. गुरुवारी तरन्नुमची मुलाखत होती, तुमच्याच इमारतीत. तुझ्या कागदात "गट" होता, आणि गटात माणसं दोनच. त्यातला एक बहिरा म्हातारा, त्याला कोण विचारतो. दुसरी राहिली कोण?

पण मी काय धुतल्या तांदळाचा न्हाय. तुझा कागद माझ्याकडं दोन आठवडे पडून होता. दोनदा पेन उघडलं. सही करायलाच उघडलं होतं, लपवून काय करू. तू माझ्या ताटात जेवलेली, आणि ती पोरगी सकिनाबीची. मनात हा विचार आला. येऊ नये तो आला. मग एक दिवस ती मुलाखतीची तयारी करायला आली आणि पाटीवर लिहिलं, "सर, त्यांनी ठिपक्यांचं विचारलं तर खरं सांगू ना?" खरं बोलू का म्हणून ती मला परवानगी मागत होती. मी तिच्या तोंडाकडं बघू शकलो न्हाय. दुसऱ्या दिवशी पोस्टात गेलो. पोस्टमन म्हणाला, भाचीला पेढे पाठवताय काय.

मूळ पत्र आणि मूळ वही माझ्याकडंच हाय.

मुलाखतीत पंचवीस मिनिटांतली वीस तिला ठिपक्यांचंच विचारलं. तिनं सांगितलं, रिकामं सोडायचं मी म्हणत होते. परवा यादी लागली. तीत तिचं नाव न्हाय. तुझ्या कागदामुळं गेलं, माझ्या पाकिटामुळं गेलं, का तिची उत्तरंच कमी पडली, कुणी सांगत न्हाय. म्हणजे तुझं गेलं, तिचंही गेलं. तेल गेलं, तूप गेलं आणि माझ्या हाती धुपाटणं राहिलं. सोमवारपासून ती धाराशिवात शिकवणीच्या क्लासला जाईल. रविवारी येती म्हणाली. ते चारशे बारा चौकोन आम्ही परत उघडणार हाओत. खुणा पुसायच्या आणि "दिसत न्हाय" असं लिहायचं. कुणाला नकोत, तरी करणार.

अक्का येऊन गेली. समोर बसून तासभर बोलली. पाटी पुढं केली तर बाजूला सारली. मला काही ऐकू आलं न्हाय, पण तुझी आई काय म्हणत होती ते सगळं कळलं. जाताना भिंतीवरचा तुझा फोटो काढून घेऊन गेली. मामीनं तिला चहा केला होता, तो तसाच राहिला.

आता तुझ्या शुक्रवारचं. ते पान मी लई वेळा वाचलं. सांगणार होतीस असं लिहितेस. असेल. अठ्ठावीस एप्रिलची तू आठवतेस तर वाटतं, कशाची सांगतेस. टेकाडावर सापडलेला मणी मुठीतून काढून माझ्या हातावर ठेवणारी आठवतेस तर वाटतं, सांगितलंच असतं. शेजाऱ्याला विचारून भरायचं म्हटलं तर शेजारी मीच, आणि माझं मन कुठं ठिकाणावर हाय. ज्या घरात मला दिसत न्हाय त्या घरात मी आता काही मांडत न्हाय.

म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर तुझं नाव लिहिलं, पुढं लाल ठिपका दिला आणि रकाना कोरा ठेवला. चारशे तेरावा. नियमानं ठिपक्याच्या घरी परत जायचं असतं. ते माझ्याच्यानं होईल, असं वाटत न्हाय.

बलभीममामा